आधी पत्ता, मग खातं

"बेन, दोढ वरसमां तो पाछा आवी जशो ने? मग कशाला खातं बदलता?" बँकेच्या शाखेतल्या काउंटरवरचे भाई अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत बोलले, की दीड वर्षात परतच येणार ना, आणि मला हायसं वाटलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मी ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ठरलं की जर्मनीतल्या भगिनी कंपनीत, न्यूरेनबर्गला, सतरा महिने काम करायचं. पगार तिथून, करारपत्र तिथलं, इथली नोकरी राखून ठेवलेली. घरी आई, वय ७१. दांडिया बाजारातलं घर, आईचं आणि माझं मिळून एक बचत खातं, चार मुदत ठेवी, भायलीच्या फ्लॅटचं कर्ज. सतरा महिन्यांत यातलं काय हलणार, असं वाटत होतं.

शेजारच्या काकांनी ते वाटणं एका संध्याकाळीच मोडलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. अशा विषयाला त्यांची प्रस्तावना ठरलेली असते: १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, १९५३ मध्ये तिने मोम्बासा आणि कंपालाला शाखा उघडल्या, तेव्हा बडोद्याच्या माणसाला परदेश आणि बँक या दोन्ही गोष्टी एकदम कळायला हव्यात. ती ऐकून झाल्याशिवाय मुद्दा येत नाही. मुद्दा असा की परदेशी नोकरीला निघालेली व्यक्ती फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्याच्या लेखी निघाल्या दिवसापासून अनिवासी होते, आणि अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. नाही केलं तर? "कोणी पोलीस येत नाही," काका म्हणाले, "पण कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड लिहिलेला आहे. आणि एकदा बँकेला कळलं की सगळं अडतं, तेही नेमकं तू तिकडे असताना."

आयकराचं गणित मात्र वेगळं. फेमा विचारतो, तुम्ही कशासाठी निघालात? आयकर खातं बोटांवर दिवस मोजतं. मी १६ जानेवारी २०२३ ला निघाले. त्या आर्थिक वर्षातले १८२ हून कितीतरी जास्त दिवस बडोद्यातच गेलेले, म्हणून ३१ मार्चपर्यंत मी आयकराच्या दृष्टीने घरचीच. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये मी एका कायद्याला परकी आणि दुसऱ्याला निवासी. त्या अडीच महिन्यांचा जर्मन पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागला. तिथे कापलेल्या कराचं श्रेय मिळतं, त्यासाठी तेव्हा फॉर्म ६७ भरायचा होता. हे मला पुढच्या जुलैत सीएने सांगितलं आणि पगाराच्या जर्मन पावत्या शोधताना माझी त्रेधा उडाली. जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पावत्या एका जागी ठेवाव्यात.

खरी अडचण आईच्या सहीची होती. आमचं खातं दोघींपैकी कोणीही चालवावं असं. दर महिन्याला आई रावपुऱ्याला जाऊन पैसे काढते, पासबुक भरून आणते, येताना खंडेराव मार्केटमधून भाजी. खातं एनआरओ झालं की निवासी नातेवाईक दुसऱ्या नावाने राहू शकतो, पण चालवण्याचा हक्क पहिल्या नावाचा. दुसऱ्याचा हक्क पहिल्याच्या पश्चात, बँकेच्या भाषेत 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. काकांनी हे जितकं हळुवार सांगता येईल तितकं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे ही असेपर्यंत मी नुसती नावाला?"

"वहिनी, नियम आहे तो."

"नियम असू दे. औषधं कोण आणणार?"

तोडगा दोन भागांत निघाला. आईचं एकटीचं वेगळं बचत खातं उघडलं, आणि निघण्यापूर्वीच माझ्या तीन ठेवी मोडून ती रक्कम तिला दिली. आईला दिलेल्या भेटीवर कर नाही आणि तिचं व्याज माझ्या उत्पन्नात धरलं जात नाही. शिवाय ज्येष्ठ नागरिक म्हणून ती तेव्हा कर कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म भरायची, त्यामुळे टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, कापला जात नसे. माझ्या नावावरच राहिल्या असत्या तर त्याही एनआरओ झाल्या असत्या आणि व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के कापून गेले असते. अनिवासी माणसाला तसाच, ज्येष्ठ नसलेल्यांसाठीचा १५जीसुद्धा भरता येत नव्हता. दुसरा भाग म्हणजे एनआरओ खात्यावर आईच्या नावाने अधिकारपत्र. त्यावर ती घरपट्टी, वीजबिल, सोसायटीचा देखभाल खर्च भरू शकते, पण माझ्या वतीने कोणाला भेट देऊ शकत नाही की नवं खातं उघडू शकत नाही. "मला कुठे कोणाला भेट द्यायचीय," आई म्हणाली, पण सही केली.

पीपीएफला धक्का लागला नाही. मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही, मुदत वाढवता येत नाही.

आता नावाची गंमत. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या नावाला 'बेन' चिकटतंच, तुम्ही देशस्थ असा नाहीतर आणखी कोणी. माझं खातं कॉलेजात असताना त्या दाखल्यावर उघडलेलं, म्हणून बँकेच्या लेखी मी अमुकबेन. पासपोर्टात बेन नाही, पण नावाला जोडून वडिलांचं नाव. पॅनवर वडिलांचं नुसतं आद्याक्षर. बडोद्यात गेली वीस वर्षं या तिघी बायका एकच आहेत याबद्दल कोणाला शंका आली नव्हती. एनआरओच्या अर्जाला आली. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून त्या तिघींना एक केलं. हे काम अर्ज देण्याच्या आधीच उरकून ठेवलं असतं तर दोन चकरा वाचल्या असत्या.

आणि मग अर्जाच्या दुसऱ्या पानावर आला तो रकाना: परदेशातील पत्ता, पुराव्यासह.

माझ्याकडे पत्ता कुठे होता? कंपनी पहिले पंधरा दिवस पाहुण्यांच्या निवासात ठेवणार होती आणि तिथल्या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येत नाही, असं कंपनीने आधीच कळवलेलं. तिथे आधीपासून असलेल्या एका मराठी सहकाऱ्याने माझ्यासाठी एक खोली बघून ठेवली होती. घरमालकीणबाईंना अनामत आधी हवी, तीही बँकेतूनच. जर्मन बँक खातं उघडायचं तर पत्त्याच्या नोंदणीचा कागद लागतो. नोंदणीला घरमालकाचं पत्र लागतं. घरमालकाला अनामत. आणि इथली बँक म्हणते परदेशातला पत्ता द्या, मग एनआरओ करू. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

गाठ कुठून तरी सोडवायची म्हणून मी अनामतीपासून सुरुवात केली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे अजून निवासी असतानाच, जुन्या खात्यातून पैसे पाठवले. निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नव्हता. ए२ नावाचा फॉर्म, सोबत भाडेकरार. खोलीचं नुसतं भाडं, हीटिंग आणि पाणी सोडून, ५२० युरो. अनामत तीन महिन्यांची, १,५६० युरो. तेव्हाच्या भावाने एक लाख सदतीस हजारांच्या आसपास.

पाचव्या दिवशी बाईंचा मेल: अठरा युरो कमी आले आहेत.

मला आधी वाटलं बाई लबाड दिसते. बाई नाही, वाटेतली बँक. असे पैसे थेट जात नाहीत, मधे एखादी मध्यस्थ बँक असते आणि ती आपली दस्तुरी रकमेतूनच कापून घेते. फॉर्मवर शुल्क कोणी सोसायचं याचा एक रकाना असतो. सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय तिथे होता. माझ्या फॉर्मवर काउंटरवरूनच 'वाटून' अशी खूण केलेली होती आणि मी न वाचता सही केली. अठरा युरो मी नंतर बाईंच्या हातात रोख दिले. त्यांनी पावती लिहून दिली. दुसरी गोष्ट तर महिन्याभराने कळली, तीही बोलता बोलता सहकाऱ्याकडून: जर्मन कायद्याप्रमाणे अनामत तीन सारख्या मासिक हप्त्यांत देता येते. मी एकरकमी दिली, बाईंनी घेतली, दोघीही चूक नव्हतो.

न्यूरेनबर्गला उतरले ती परकीय चलन भरलेलं एक फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो घेऊन. रोख जास्त नेले असते तर बरं झालं असतं. पहिल्या सकाळी बेकरीत कार्ड पुढे केलं तर बाईने मान हलवून नोटा दाखवल्या. यूपीआयवर पोसलेल्या माणसाला पाकीट उघडून नाणी मोजायची सवय राहिलेली नसते. मागे रांग वाढत होती.

फेब्रुवारीच्या एक तारखेला खोली ताब्यात आली. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा नियम, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. तीन तारखेला कचेरीत गेले. घरमालकीणबाईंचं पत्र, पासपोर्ट, एक अर्ज. अर्जात धर्माचा रकाना बघून मी थबकले. कारण नंतर कळलं: तिथे चर्चच्या सभासदांच्या आयकरावर चर्चकर लागतो, बव्हेरियात ८ टक्के. मी हिंदू लिहिलं, कारकून बाईंनी न बघता एक कळ दाबली, दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात. बडोद्यात ज्या एका कागदाने मला महिनाभर झोपू दिलं नव्हतं तो असा, चहा निवायच्या आत.

तोपर्यंत कंपनीचा पगार विभाग मागे लागला होता: दहा तारखेच्या आत आयबान द्या. आयबान म्हणजे खात्याचा पूर्ण क्रमांक, जर्मनीचा २२ अक्षरांचा, सुरुवात डीई. बँकेत नुसतं जाऊन भागत नाही, आधी टर्मिन, म्हणजे वेळ घ्यावी लागते. नऊ तारखेची मिळाली. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा कागद, नोकरीचा करार. तिथला तरुण कर्मचारी इंग्रजी बोलायला लाजत होता आणि मी जर्मन, त्यामुळे दोघेही फार सभ्यपणे बोललो. 'ग्रूस गॉट' म्हणून सुरुवात केली त्याचा मात्र फायदा झाला, तो मोकळा हसला. अर्ध्या तासात आयबान मिळाला. त्याने विचारलं, कर क्रमांक? तो अकरा आकडी क्रमांक नोंदणीनंतर आपोआप टपालाने घरी येतो, मला यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंतचा पहिला पगार सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जड दराने कापला गेला. पुढच्या महिन्यात हिशेब सुधारला, पण पहिली पगारपावती बघून मी आईला फोनवर काही बोलले नाही.

कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालाने येणार होते. आठ दिवस वाट पाहिली. नाहीत. दहाव्या दिवशी बँकेत गेले तर उत्तर: कार्ड परत आलं, पत्त्यावर असं कोणी राहत नाही.

असं कोणी राहत नाही! मी रोज तिथेच झोपत होते.

सहकारी हसायला लागला. "टपालपेटीवर नाव लावलंस का?" तिथे खोलीला क्रमांक नसतो. इमारतीच्या दारात घंटांची आणि पेट्यांची रांग, प्रत्येकीवर आडनाव. टपालवाला आडनाव वाचतो, नसेल तर परत नेतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. दांडिया बाजारात पोस्टमनला पत्ता अर्धा लिहिलेला असला तरी चालतं, तो आईला हाक मारून विचारतो की अमक्याकडचं कोणी तुमच्याकडे उतरलंय का. इथे चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर माझं अस्तित्व अवलंबून. वहीचा कागद कापून ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं, दोन ठिकाणी चिकटवलं, घंटेवर आणि पेटीवर. तिसऱ्या दिवशी पिन आला. कार्ड नंतर आठवड्याने. पाकिटावर माझ्या नावाआधी 'हेर्न' होतं, म्हणजे श्रीयुत. वडिलांच्या नावाने फसून कोणी तरी मला पुरुष करून टाकलं होतं.

त्या चिकटपट्टीमुळे आणखी एक पत्र आलं. महिना १८.३६ युरो भरा, दूरदर्शन आणि रेडिओसाठी. माझ्याकडे टीव्ही नव्हता. लुबाडणाऱ्यांचं पत्र समजून मी ते फेकणार होते, पण ते खरं निघालं. तिथे प्रत्येक घराला हे भरावंच लागतं, टीव्ही असो नसो.

आता हातात पत्ता होता, बडोद्याचा राहिलेला अर्ज पुरा करायचा होता. नोंदणीचा कागद आणि व्हिसाची प्रत साक्षांकित करून हवी होती, त्यासाठी एक रजा टाकून म्युनिकच्या भारतीय वकिलातीत गेले. वेगवान रेल्वेने तासाभराचा प्रवास. कागद कुरियरने बडोद्याला. मार्चअखेर खातं एनआरओ झालं. आणि खाते क्रमांक बदलला.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काही बँकांत क्रमांक तोच राहतो म्हणे. आमच्या शाखेत नवा पडला, आणि पाच एप्रिलला फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता जुन्या, बंद खात्यावर जाऊन आपटला. परतीचं शुल्क ५९० रुपये. शाखेला फोन केला तर "बेन, मेसेज तो मोकल्यो हतो." संदेश पाठवला होता तो माझ्या भारतीय नंबरवर, आणि तो नंबर रिचार्ज संपल्याने मुका झालेला. ओटीपीसाठी तोच नंबर जिवंत हवा हे डोक्यात होतं, पण जर्मन सिम, जर्मन कार्ड, जर्मन पगार या गडबडीत एक रिचार्ज राहून गेला. त्या जानेवारीत दहा देशांतल्या नंबरांवर एनआरओ आणि एनआरई (परदेशी कमाई ठेवायचं अनिवासी खातं) अशा खात्यांसाठी यूपीआय खुलं करायची घोषणा झाली होती, त्यात जर्मनी नव्हता. म्हणजे भारतीय सिम सांभाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी चुलतभावाला सांगून त्याच्या फोनवर महिन्याची आठवण लावायला लावली. एप्रिलचा हप्ता शेवटी आईने अधिकारपत्रावर भरला. ती शाखेत तासभर बसली, आणि तिथल्या एका नव्या मुलीला फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे काय ते समजावून आली. मला फोनवर सांगताना तिचा आवाज जरा चढलेला होता, रागाने नाही.

शिल्लक पाठवायला एनआरई खातंही उघडलं. त्यातला पैसा मुद्दल-व्याजासकट केव्हाही परत बाहेर नेता येतो आणि व्याजावर भारतात कर नाही. पण जर्मनीत राहणाऱ्याचं जगभरचं उत्पन्न तिथे मोजलं जातं, तेव्हा ते व्याज जर्मन विवरणपत्रात दाखवायचं. एकट्या माणसाला व्याज-लाभांशाची वर्षाला १,००० युरोंची सूट असते, माझं त्यात बसलं. एनआरओवर कापलेला टीडीएस इथलं विवरणपत्र भरून परत मिळाला, सहा महिन्यांनी.

जून २०२४ मध्ये परतले आणि त्याच वाटेने उलटी चालू लागले. एनआरओ पुन्हा निवासी, एनआरई बंद, तिसरा खाते क्रमांक. या वेळी हप्त्याचा आदेश मी आधी बदलला. काउंटरवर तेच भाई. "दोढ वरस तो आम नीकळी गयुं," ते म्हणाले, म्हणजे दीड वर्ष असंच निघून गेलं. मी फक्त फॉर्म मागितला.

जर्मन खातं मात्र लगेच बंद करता आलं नाही. नोंदणी रद्द केली, पेटीवरचा कागद काढला, पण अनामत हीटिंगचा वार्षिक हिशेब लागल्यावरच मिळणार होती. ती यायला डिसेंबर उजाडला. तोवर दरमहा खात्याचं शुल्क जात राहिलं आणि बँकेच्या ॲपसाठी जर्मन सिम चालू ठेवावं लागलं, बडोद्यात बसून. अनामतीतून ४१ युरो हीटिंगपोटी वजा झाले, बाकी आले. खातं बंद करण्याचा अर्ज हाताच्या सहीने टपालाने पाठवायचा होता. रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात रजिस्टर केला. महिन्याने दांडिया बाजाराच्या पत्त्यावर जर्मन पाकीट आलं, त्यावर पुन्हा 'हेर्न'. पोस्टमनने ते वाचलं नाही, आईला हाक मारून तिच्या हातात दिलं.